चौथ्या ओळीची हकालपट्टी

त्या दिवशी सकाळी ढब्बू अंथरुणात उठून बसला, तेव्हा त्याचा उजवा गाल त्याच्या आधीच वर आला होता. आठवडाभर दाढ ठणकत होती आणि आठवडाभर तो तिला लवंगेवर झुलवत होता. आता तिने सरळ बंड पुकारलं होतं.

जेवणाच्या टेबलावर, ताट ठेवायच्या जागी, त्याचा संगणक उघडा होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. आई चहाचे कप घेऊन आली आणि गाल बघून म्हणाली, "अगदी लहानपणी दिसायचास तसा दिसतोयस. पण एकाच बाजूने."

लहानपणी तो गुटगुटीत होता म्हणून ढब्बू. पुढे त्याची उंची वाढत गेली, वजन तिथंच राहिलं, आणि आता बांबूला चष्मा लावावा तसा तो दिसायचा. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

ढब्बूचं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड होतं. तो दिवसभर बघत बसायचा. दूरच्या शहरात त्याच्या कंपनीचं मुख्य कार्यालय होतं. तिथल्या एका थंडगार खोलीत फायली साठवणारी मोठी यंत्रं होती आणि निरनिराळ्या ग्राहकांचे संगणक नेटवर्कवरून त्या साठ्याला जोडलेले असायचे. कोण जोडलेलं आहे, कोण तुटलं, कोण नुसतंच बसून आहे, यावर ढब्बूची नजर असे. रंगीत तक्ते आणि नाचणारे आलेख त्याला आवडत नसत. कमांड टाइप करायची आणि ओळी वाचायच्या, एवढाच त्याचा खाक्या. लांबलचक कमांड रोज कोण लिहिणार, म्हणून त्याने स्वतःपुरत्या तीन छोट्या करून ठेवल्या होत्या. 'बघ' म्हटलं की जोडण्यांची यादी यायची आणि आपोआप ताजी होत राहायची. 'हाकल' लिहून ओळीचा आकडा दिला की ती जोडणी तुटायची. 'बोलाव' लिहून तोच आकडा दिला की परत यायची. आपला कारभार या तीन शब्दांवर चालला आहे हे त्या ग्राहकांना ठाऊक नव्हतं, ते बरंच होतं.

तो कारभार एका जेवणाच्या टेबलावरून चालतो हे साहेबांना ठाऊक होतं, आणि दुखणं तिथंच होतं. वडील गेले तेव्हा ढब्बू 'तात्पुरता' म्हणून घरी आला होता, तो घरीच राहिला. साहेबांना सगळी माणसं मुख्य कार्यालयात, डोळ्यांसमोर हवी होती. मागच्या महिन्यात एक जोडणी तुटली त्या वेळी ढब्बू खाली जिन्यात प्लंबरशी हुज्जत घालत होता. साहेबांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "आणखी एकदा असं झालं ना, की सामान बांधायचं आणि इकडे यायचं." त्यातून धोक्याची घंटा वाजवणारी जुनी यंत्रणा काढून नवी बसवायचं काम चालू होतं. ती बसेपर्यंत सगळी भिस्त माणसाच्या डोळ्यांवर.

ढब्बूला जायचं नव्हतं. आईला एकटीला टाकून कसं जायचं, हे त्याचं उत्तर ठरलेलं असे. ते तो साहेबांना द्यायचा, मित्रांना द्यायचा, लग्नाचं विचारणाऱ्या आत्यालाही द्यायचा. आईला मात्र याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

आई म्हणजे निवृत्त रेक्टरबाई. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी तिने उभी हयात काढली. कोण आत आली, कोण बाहेर गेली, कोण गेलीच नाही असं दाखवून गेली, हे तिला पावलांच्या आवाजावरून कळायचं. मुली तिला घाबरायच्या, आणि सोडून जाताना तिच्याच गळ्यात पडून रडायच्या.

"मागच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरला फोन केलाय मी," आई म्हणाली. "अकराला ये म्हणाली. नाहीतर मग पुढचा आठवडा."

"अकराला ड्यूटी आहे."

"मी बसते."

"आई, हे काय दूध आहे का, उतू जातंय का बघायला?"

"तीनशे पोरी सांभाळल्यात मी. तुझ्या ओळी किती?"

"सोळा."

"सोळा!" आई म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिने ढब्बूच्या सगळ्या नोकरीची किंमत केली.

दाढेने तेवढ्यात एक कळ दिली आणि वाद तिथंच मिटला. ढब्बूने आईला खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, "हे बघ. सोळा ओळी आहेत. एक जरी गेली तरी लगेच मला फोन. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"लावते कशाला?"

तो गाल धरून पळाला. घाईत त्याची एक गोष्ट सांगायची राहून गेली. प्रत्येक संगणक त्या साठ्याला दोन वाटांनी जोडलेला असतो. एक वाट तुटली तर दुसरी असावी म्हणून. त्यामुळे यादीत प्रत्येक नाव दोनदा येतं.

आईने घड्याळ मनगटावर चढवलं, केस घट्ट बांधले, मोबाईल लांब फडताळावर ठेवला. ड्यूटीवर मोबाईल जवळ ठेवणाऱ्यांबद्दल तिची मतं ठाम होती. मग तिने यादी वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. नावं आठच होती. प्रत्येक नाव दोनदा.

हा प्रकार तिला नवा नव्हता. रात्रीच्या हजेरीला एक मुलगी स्वतःची 'हजर' देऊन, आवाज बदलून, सिनेमाला गेलेल्या मैत्रिणीचीही द्यायची. इथं तर निम्मं वसतिगृहच खोट्या हजेरीवर चाललं होतं. आणि आपल्या भाबड्या पोराला त्याचा पत्ताच नव्हता! सोळा म्हणे!

पण ती मुरलेली रेक्टर होती. सगळ्यांना एकदम शिक्षा केली की सगळ्या एक होतात. एकीला धरायचं, बाकीच्या आपोआप सरळ होतात, हा तिचा अनुभव. कुणाला धरावं याचा तिला फार विचार करावा लागला नाही. यादीत शेवटी एक रकाना होता. कुणी किती फायली नेल्या-आणल्या त्याचे आकडे त्यात सारखे पळत होते. फक्त चौथ्या ओळीत शून्य. तिसऱ्या ओळीत बिस्किटांच्या कारखान्याचं नाव, चौथ्या ओळीत पुन्हा तेच नाव, आणि ही चौथी बाई नुसती हातावर हात ठेवून बसलेली. आईने बराच वेळ तिला सुधारायची संधी दिली. शून्य ते शून्यच.

'हाकल' कसं लिहितात हे तिने भाजी निवडता निवडता शंभरदा पाहिलं होतं. तिने एका बोटाने टाइप केलं आणि चौथी ओळ गेली. पंधरा उरल्या. आता नियमाप्रमाणे फोन करायला हवा होता. पण नियम आपणहून जाणाऱ्यांसाठी होता, हाकललेल्यांसाठी नव्हता, असा तिने निवाडा दिला आणि बाकीच्या सुधारतात का ते बघत बसली. त्या सुधारल्या नाहीत. "निगरगट्ट," आई त्यांना म्हणाली.

आता नेमकं त्याच वेळी मुख्य कार्यालयात काय चाललं होतं ते सांगायला हवं. बिस्किटांच्या कारखान्याचे मालक आले होते. मोठं गिऱ्हाईक, पण कुरबुर करणारं. आमच्या फायली तुमच्याकडे सुरक्षित कशावरून, हे त्यांचं पालुपद. साहेबांनी आज त्यांचं तोंड कायमचं बंद करायचं ठरवलं होतं. ते त्यांना थंडगार खोलीत घेऊन गेले, कारखान्याच्या फायली पडद्यावर उघडून दाखवल्या, आणि यंत्राच्या पाठीमागची एक वायर दोन बोटांत धरून म्हणाले, "ही वायर मी तोडतोय. लोक म्हणतील, झालं, संपलं. पण आमच्याकडे दुसरी वाट कायम तयार असते. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

आणि त्यांनी वायर उपटली. मालकांना कळलं. पडदा जागच्या जागी थिजला.

"थांबलं," मालक म्हणाले.

"नाही, ते..." साहेब म्हणाले, आणि ती वायर कुठल्या भोकातून काढली ते शोधायला लागले. तिथं भोकं पुष्कळ होती.

इकडे आईच्या पडद्यावरून तिसरी ओळ नाहीशी झाली. मैत्रिणीला हाकललं म्हणून ही रुसून गेली, हे आईने ओळखलं. असंही वसतिगृहात व्हायचं. पण ही आपणहून गेली होती, म्हणजे नियम लागू होता. ती उठली आणि तिने फोन लावला.

दाताची डॉक्टर ढब्बूच्याच वयाची होती आणि बोलकी होती. त्या धंद्यात बोलकं असावंच लागतं, समोरचा माणूस सदा आ वासून बसलेला. तिने नुकतंच इंजेक्शन देऊन ढब्बूचं अर्धं तोंड बधिर केलं होतं, उरलेल्या अर्ध्यात कापूस आणि एक नळी होती.

"तुमचा फोन. 'आई' असं आलंय. उचलू?"

ढब्बूने जोरजोरात मान डोलावली.

"हॅलो काकू, मी डॉक्टर बोलतेय. त्यांना बोलता येत नाहीये. स्पीकरवर टाकलंय, ऐकू जातंय त्यांना."

"बरं. त्याला सांगा, चौदा झाल्या."

ढब्बू ताडकन उठून बसला. पंधरा नव्हे, चौदा! नळी तोंडातून निसटली आणि त्याच्या शर्टात शिरली. "अं?"

"'अं' म्हणतायत, काकू."

"एक मी हाकलली. चौथी. खोटी हजेरी लावत होती. पण तिच्यापाठोपाठ तिसरी गेली ती आपल्या पायांनी. म्हणून कळवलं."

ढब्बूच्या डोळ्यांसमोर त्याचं बांधलेलं सामान उभं राहिलं. त्याने डॉक्टरच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, गळ्यातला कागदी रुमाल मांडीवर पसरला आणि त्यावर लिहिलं.

"काकू, ते लिहून देतायत. 'बोलाव चार.' खाली रेघा मारतायत. अजून मारतायत. कागद फाटला."

"परत बोलवायची? अहो डॉक्टर, आज हिला घेतली तर उद्या बाकीच्या माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतील!"

"काकू, डोळ्यांत पाणी आलंय त्यांच्या."

"दुखतंय का रे फार?"

"मी अजून काही केलेलंच नाही," डॉक्टर म्हणाली.

आईचा आवाज मऊ झाला. "बरं बाई. त्याच्यासाठी घेते. पण सक्त ताकीद देऊन."

काळ्या पडद्याला तिने ताकीद कशी दिली ते कळायला मार्ग नाही. पण 'बोलाव ४' तिने बिनचूक लिहिलं आणि चौथी ओळ आली. आली ती मान खाली घालून कामाला लागली. रकान्यातलं शून्य जाऊन आकडे पळायला लागले.

"आली," आई म्हणाली. "आणि बघ, ओरडा खाल्ल्यावर कशी काम करतेय!"

ढब्बू खुर्चीत कोसळला. डॉक्टरने त्याच्या शर्टातून नळी काढली, आणि दाढेला हात घालण्याआधी म्हणाली, "तुमच्या घरी वसतिगृह आहे का? हो असेल तर डोळे मिटा." ढब्बूने डोळे मिटले नाहीत. "मग ती चौथी कोण? बायको? बहीण? भाडेकरू?" ढब्बू टक लावून तिच्याकडे बघत राहिला. तसं बघायचं काहीच कारण उरलं नव्हतं. तरी तो बघत राहिला.

तो दाढ काढून घरी आला तेव्हा यादीत सोळा ओळी होत्या. साहेबांना भोक सापडलं होतं. ढब्बूने कापूस दाताखाली धरून वहीच्या कागदावर आईला सगळं लिहून समजावलं. एकाच संगणकाच्या दोन वाटा, एक तुटली तर दुसरी.

आईने दोनदा वाचलं. "म्हणजे ती रिकामटेकडी नव्हती? पाठराखण करत होती?" तिला खरंच वाईट वाटलं. "बिचारी. आणि मी तिला काय काय बोलले."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. ढब्बूचं तोंड अजून लाकूड झालेलं. त्याने घाईघाईने लिहिलं, 'मी इथंच होतो असं सांग.' आईने ते वाचलं, चष्मा सारखा केला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार. मी ढब्बूची आई."

"ढब्बू कोण?"

"तुमचा तो जोडण्या बघणारा."

"अच्छा, ढब्बू!" साहेब रागात होते, तरी हे नाव त्यांनी जरा चवीने उच्चारलं. "त्याला म्हणावं, सकाळी बिस्किटवाल्यांची दुसरी वाट कुणी तोडली?"

"मी."

ढब्बूने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"तो घरात नव्हताच," आई पुढे म्हणाली. "दाढ काढायला गेला होता. मला बसवून गेला. मी खोटं बोलत नाही."

"तुम्ही मध्ये उठला होतात?" साहेबांनी विचारलं.

"ड्यूटीवर? फोन करायला उठले तेवढीच."

"बाई, तुम्हाला सांगतो. हीच यादी माझ्या ऑफिसात चार माणसांसमोर उघडी होती. एक वाट गेलेली, त्यांना पत्ता नाही. दुसरीही गेली, तेव्हा दोघं चहाला होते आणि दोघं त्यांना बोलवायला गेले होते. इथल्या नोंदीत दिसतंय, तुमच्याच टेबलावरून बोलावलीत म्हणून ती वाट परत आली. मी आपलं सांगितलं मालकांना, की आमची यंत्रणा स्वतःच दुरुस्त होते. ते खूश होऊन गेले." साहेबांनी एक सुस्कारा सोडला. "चुका कोण करत नाही? पण निदान तुमच्या घरात कुणीतरी बघत तरी असतं. ढब्बूला सांगा, घरूनच काम कर. कायमचं. मी लेखी देतो."

ढब्बूने आनंदाने हात वर केले. ते वरच राहिले, कारण आई ओरडली, "कायमचं? अहो साहेब, न्या ना त्याला!"

"काय?"

"तुम्ही न्याल म्हणून तर खरं सांगितलं मी!"

"आई!" ढब्बूच्या तोंडातून पहिला शब्द फुटला, आणि कापूसही.

"काय आई? बाबा गेले तेव्हा आलास, बरं वाटलं मला. फार बरं वाटलं. पण आता किती दिवस? सकाळी उठतोस, टेबलाशी बसतोस, रात्री टेबलावरून उठून झोपतोस. मित्र येत नाहीत, तू जात नाहीस. आज कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडलास, तोसुद्धा दाढ काढायला!"

"तुला एकटीला कशं शोडू?" ढब्बू अर्ध्या तोंडाने म्हणाला. "बाबा गेल्यावर तू जेवत नव्हतीश. मी टेबलाशी बशलो की तू जेवायचीश."

हे त्याने पाहिलं होतं, हे आईला माहीत नव्हतं. तिने डोळे नव्हे, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाली, "आणि मला वाटायचं, मी बसले की तू जेवतोस."

फोनमधून खाकरल्याचा आवाज आला. "मी ठेवू का?"

"थांबा!" दोघं एकदम म्हणाले.

शेवटी आईनेच तोडगा काढला आणि साहेबांनी तो मुकाट्याने मान्य केला, कारण तिच्यापुढे तीनशे मुलींचंही काही चाललं नव्हतं. ढब्बू घरीच राहील. पण नवी घंटा बसेपर्यंत रोज संध्याकाळी यादीवर आई बसेल, आणि ढब्बू घराबाहेर असेल. कुठे जायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. "कुठेही जा," आई म्हणाली, "पण दार मी लावून घेणार."

पहिले दोन दिवस तो कोपऱ्यावरच्या दिव्याखाली उभा राहून परत आला. तिसऱ्या दिवशी मात्र तो आरशासमोर बराच वेळ होता, आणि निघाला तो इस्त्रीचा शर्ट घालून. आईने विचारलं नाही. पण तो जाता जाता सांगून गेला.

थोड्या वेळाने साहेबांचा फोन आला. "ढब्बू आहे का? जरा काम होतं."

"बाहेर गेलाय," आई यादीवरची नजर न हलवता म्हणाली. "दाढ दाखवायला."

"दाढ? ती काढली ना परवा?"

"हो. काढलेलीच दाखवायला गेलाय."



"मग वेळ लागेल त्याला," साहेब म्हणाले. "मी उद्या करतो फोन."